राबाची राख आणि औषधाची भुकटी : रायगडाच्या पायथ्याच्या भातशेतीतील कीडनियंत्रणाचा जमाखर्च

१

महाड तालुक्यातील हिरकणीवाडीचे नाव महाराष्ट्रात सर्वतोमुखी झाले ते दुधामुळे. गडावर दूध घालावयास गेलेली गवळण, कोजागिरीच्या संध्याकाळी बंद झालेले दरवाजे, घरी असलेले तान्हे मूल आणि अवघड कडा उतरून गेलेली आई, ही कथा प्रत्येक मराठी मुलाने ऐकलेली असते. कथा म्हणून ती दंतकथा होय. परंतु तिच्यात एक अर्थशास्त्रीय वास्तव सहजगत्या जतन झाले आहे. गडाच्या पायथ्याच्या कुटुंबाजवळ रोख पैसा येण्याचा मार्ग दूध हा होता, भात नव्हे. भात घरात खाण्यासाठी पिकत असे. दुधासाठी गुरे, गुरांसाठी रानातील गवत, आणि गुरांच्या शेणावर पुन्हा भाताचे रोप, अशी ही साखळी होती.

या साखळीत पिकाच्या रक्षणाचा खर्च नेमका कोठे पडत होता व तो कोण सोसत होते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. पूर्वीच्या शेतीत किडीवर काहीच खर्च नव्हता आणि रासायनिक औषधांनी तो नव्याने निर्माण केला, असे एक मत सर्वत्र आढळते. याच्या उलट, औषधे आली नसती तर पीक हाती लागलेच नसते, असे दुसरे मत आहे. काळ व गांधारी या नद्यांच्या मधल्या डोंगराळ पट्ट्यातील भातशेतीचा इतिहास पाहिला असता ही दोन्ही मते अपुरी ठरतात. खर्च पूर्वीही होता. मात्र तो रोख नव्हता. तो श्रमांत, शेणात आणि जंगलाच्या पाल्यात दिला जात असे, आणि म्हणूनच तो कोणत्याही वहीत लिहिला गेला नाही. टिकाऊ शेतीत कीडनाशकांचे स्थान कोणते, याचा निर्णय करावयाचा तर ही न लिहिलेली खाती प्रथम लिहून काढली पाहिजेत.

२

उत्तर कोकणात व घाटमाथ्याच्या मावळी पट्ट्यात भाताचे रोप राबावर करण्याची पद्धत फार जुनी आहे. ऐन, किंजळ यांसारख्या झाडांच्या फांद्या तोडून कवळाच्या मोळ्या बांधावयाच्या, उन्हाळ्यात ठरलेल्या जागी शेण, कवळ, गवत यांचे थर अंथरावयाचे, वर बारीक माती पसरावयाची आणि वाऱ्याच्या उलट दिशेने आग लावून सर्व सावकाश जाळावयाचे, ही तिची रीत होय. भाजलेल्या या जागेस दाढ असे नाव आहे. पावसाच्या पहिल्या सरींबरोबर दाढीत बी पडते आणि तेथील रोप पुढे चिखलणी केलेल्या खाचरांत लावले जाते. रोपासाठी लागणारी जागा लावणीच्या क्षेत्राच्या साधारण एकदशांश असते. तेवढी जागा भाजण्यासाठी हिवाळ्यापासून माणसे झाडांवर चढत आणि बाया डोक्यावरून कवळ वाहून आणीत.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही पद्धत वादाचा विषय बनली. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या रानातील हक्कांना मर्यादा पडल्या. तोडलेल्या फांद्या ही जंगल खात्याच्या दृष्टीने नासाडी होती, शेतकऱ्याच्या दृष्टीने ते पुढील वर्षाचे अन्न होते. या जिल्ह्यांतील गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी १८८५ साली मुंबई सरकारने नेमलेल्या जंगल आयोगापुढे राबाचा प्रश्न प्रामुख्याने आला. राबावाचून रोप का होत नाही, याचे उत्तर शेतकऱ्याजवळ अनुभवाचे होते. शास्त्रीय उत्तर पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून मिळाले. डॉ. हॅरल्ड मॅन यांनी जोशी व कानिटकर यांच्यासह राबाच्या पद्धतीवर प्रयोग करून १९१२ साली ते प्रसिद्ध केले. राबाचा गुण केवळ राखेच्या खतात नसून माती तापण्यातही आहे, हे त्यांतून पुढे आले.

या निष्कर्षाचे महत्त्व प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मोठे आहे. तापलेल्या मातीत तणाचे बी जळते आणि वरच्या थरातील किडींच्या अवस्था नष्ट होतात. शेतकरी ज्याला ‘रोप जोमदार येणे’ म्हणतो त्यात खत, तणनियंत्रण व कीडनियंत्रण या तीन गोष्टी एकत्र असतात. आजच्या जमाखर्चात या तीन गोष्टींसाठी तीन पिशव्या विकत आणाव्या लागतात. राबात त्यांचा खर्च एकच होता आणि तो श्रमाचा होता. त्या श्रमाची किंमत कमी होती असे मात्र नाही. कवळ तोडताना झाडावरून पडून माणसे जायबंदी होत. पुनःपुन्हा छाटलेली झाडे खुरटत, आणि डोंगर उघडा पडला की माती पावसाबरोबर खाली येई. हा खर्च पुढील पिढीच्या नावे मांडला जात होता. जुनी पद्धत टिकाऊ होती असे सरसकट म्हणणे म्हणूनच सावधपणाचे नाही. लोकसंख्या बेताची व रान विपुल असेपर्यंत ती टिकाऊ होती.

३

पीक वाचविण्याचा खर्च कोणी करावयाचा आणि वाचलेले पीक कोणाच्या घरी जावयाचे, हा याच प्रश्नाचा दुसरा भाग होय. कुलाबा व रत्नागिरी जिल्ह्यांप्रमाणे महाडच्या प्रदेशातही खोतीची पद्धत होती. जेथे अर्धेलीने जमीन कसली जाई तेथे खळ्यावरील भाताचा निम्मा वाटा खोताकडे जात असे. बी, राब, बैल आणि श्रम मात्र कुळाचे.

अशा व्यवस्थेत पीकरक्षणावरील खर्चाचे गणित मुळातच वाकडे होते. एखाद्या उपायाने एक मण भात वाचला तर कुळाच्या पदरात अर्धा मण पडे. उपायाचा खर्च मात्र संपूर्ण त्याचाच. म्हणजे उपायाच्या किमतीच्या दुपटीहून अधिक पीक वाचत असेल तरच तो उपाय कुळाला परवडे. घरच्या श्रमास अन्य मागणी नसे, म्हणून श्रमाचे उपाय टिकले. विकत घ्यावयाचे उपाय रुजण्यास जागाच नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्षात खोती संपविणारा कायदा १९४९ साली झाला. त्यानंतरच्या कूळकायद्यांनी कसणाऱ्याला पूर्ण पिकाचा धनी होण्याचा मार्ग खुला केला. कारखान्यात तयार झालेले कीडनाशक ज्या दशकात खेड्यापर्यंत आले, त्याच दशकात ते परवडण्याची कायदेशीर शक्यताही निर्माण झाली, हा योगायोग ध्यानात घेण्याजोगा आहे.

४

डीडीटीचे कीटकनाशक गुण पॉल म्यूलर या स्विस रसायनशास्त्रज्ञास १९३९ साली आढळले. भारतात बीएचसीचे उत्पादन १९५२ साली कलकत्त्याजवळ रिश्रा येथे सुरू झाले आणि १९५४ साली हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स ही सरकारी कंपनी डीडीटीसाठी स्थापन झाली. भातशेतीत प्रामुख्याने आली ती बीएचसीची भुकटी. ती स्वस्त होती, तिला पाणी लागत नसे, आणि कापडाच्या पुरचुंडीतूनही ती पिकावर धुरळता येई. जिल्हा परिषदा व पंचायत समित्या १९६२ पासून कामास लागल्यावर औषधे व फवारणीचे पंप सवलतीने देणे हे विकासकार्याचे एक अंग बनले.

१९६५-६६ पासून तायचुंग नेटिव्ह-१ व आयआर-८ या बुटक्या जाती भारतात आल्या. खत पचविणाऱ्या, दाट फुटव्यांच्या या पिकाबरोबर किडीचेही फावले. १९७३-७४ साली केरळात तपकिरी तुडतुड्यांनी भाताची मोठी हानी केली. या किडीची अंडी पानाच्या देठात सुरक्षित राहतात. फवाऱ्याने मरतात ते तिच्यावर जगणारे कोळी आणि ढेकूण. शत्रू उरतो आणि मित्र जातो, म्हणून पुन्हा फवारावे लागते. इंडोनेशियाने हा अनुभव राष्ट्रीय पातळीवर घेतला. तेथे कीडनाशकांवर सरकार भरघोस सवलत देत असे. १९८६ साली अध्यक्षीय आज्ञेने भातावरील ५७ कीडनाशकांना बंदी झाली आणि १९८९ पर्यंत सवलतही काढून घेण्यात आली. औषधांचा वापर घटला. भाताचे उत्पादन घटले नाही. औषधाचा पुष्कळसा वापर गरजेपोटी नसून स्वस्ताईपोटी होता, हा त्याचा अर्थ होय.

स्वस्ताईचा दुसरा हिशोब मानवी देहात निघाला. १९५८ साली केरळात पॅराथिऑनने दूषित झालेल्या धान्यपिठातून शंभरांहून अधिक माणसे दगावली. त्या घटनेच्या चौकशीतून पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. बीएचसीवर १९९७ साली बंदी आली. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले. यांपैकी कोणताही खर्च औषधाच्या पुड्यावरील किमतीत नव्हता.

५

फवारणी केव्हा परवडते, या प्रश्नाला १९५९ साली कॅलिफोर्नियातील स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश व हेगन या चार कीटकशास्त्रज्ञांनी काटेकोर रूप दिले. शेतात कीड दिसली एवढे कारण पुरेसे नाही. किडीने होणारी हानी ही तिच्या बंदोबस्ताच्या खर्चाहून अधिक होऊ लागेल त्या पातळीपूर्वी उपाय करावा, हा त्यांच्या विचाराचा गाभा. मराठी कृषिवाङ्मयात यास ‘आर्थिक नुकसानीची पातळी’ म्हणतात. भाताच्या खोडकिड्यासाठी दर चौरस मीटरला एक अंडीपुंज किंवा पाच टक्के गाभेमर ही पातळी सांगितली जाते.

ही पातळी सर्व शेतांना सारखी लागू होते काय, हे हिरकणीवाडीसारख्या ठिकाणी तपासून पाहण्याजोगे आहे. समजा, एका एकरात दहा क्विंटल भात होतो आणि मजुरीसह एका फवारणीस एक हजार रुपये लागतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण भाताची आधारभूत किंमत क्विंटलला २३६९ रुपये होती. या दराने फवारणीचा खर्च भरून येण्यास सुमारे ४२ किलो, म्हणजे पिकाच्या चार टक्क्यांहून थोडे अधिक, भात वाचला पाहिजे. आता तेच पीक दहा गुंठ्यांच्या खाचरात पाहू. औषध चतुर्थांश लागेल. परंतु बाजारास जाणे-येणे, पंप मिळविणे आणि माणसाचा अर्धा दिवस हे चतुर्थांश होत नाहीत. समजा, खर्च चारशे रुपये आला. अडीच क्विंटलांच्या पिकातून १७ किलो, म्हणजे सुमारे सात टक्के, वाचले तर बरोबरी होते.

यात पाऊस अद्याप धरलेला नाही. महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर वा त्याहून अधिक पाऊस पडतो आणि त्याचा बहुतांश भाग भाताच्या वाढीच्याच महिन्यांत कोसळतो. फवारणीनंतर सर आली की औषध खाचरातून ओहोळात व ओहोळातून नदीत जाते. दहांतून सहाच फवारण्या लागू पडतात असे मानले, तर त्या दहा गुंठ्यांत ११ टक्क्यांहून अधिक हानी टळणार असेल तरच फवारणी पोसते. म्हणजे एकाच किडीची एकाच प्रमाणातील हानी मोठ्या सपाट शेतात फवारणीस योग्य आणि डोंगराच्या पायऱ्यांवरील लहान खाचरात अयोग्य ठरू शकते. यांतील आकडे गृहीत आहेत. प्रत्येक शेतकऱ्याने त्या जागी आपले घालावेत. हिशोबाची रीत मात्र बदलत नाही.

आणखी एक गोष्ट. भात घरात खाण्यासाठी असेल तर वाचलेल्या भाताचे रुपये होत नाहीत. औषधाचे रुपये मात्र द्यावेच लागतात. ते बहुधा मुंबईहून येतात. गिरण्यांच्या काळात ते मनिऑर्डरीने येत, आता अन्य मार्गांनी येतात. शहरातील मजुरीने खेड्यातील फवारणीचा खर्च भागवावयाचा, अशी ही व्यवस्था आहे. दूध हे जेव्हा रोखीचे साधन होते तेव्हा ते गावातच निर्माण होत होते, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

६

श्रम आणि रोख पैसा यांची ही अदलाबदल दोन उदाहरणांनी स्पष्ट होते. पहिले उदाहरण खेकड्याचे. कोकणात ज्यांस मुठे म्हणतात ते शेतातील खेकडे बांधाला भोके पाडतात, त्यांतून खाचराचे पाणी जाते, आणि कोवळी रोपेही ते कुरतडतात. शिजवलेल्या भातात गूळ व कीटकनाशक मिसळून विषारी आमिष बिळांशी ठेवणे हा आधुनिक उपाय होय. पावसाळ्याच्या आरंभी रात्री उजेड घेऊन मुठे पकडणे हा जुना उपाय. पहिल्यात कीड मरते आणि पैसा खर्च होतो. दुसऱ्यात कीड कमी होते आणि चुलीवर कालवण शिजते. दोन्ही उपाय एकाच शेतात चालू शकत नाहीत, कारण विष घातलेल्या बांधावरचा मुठा कोणी खाणार नाही. आमिषाच्या खर्चात हे हुकलेले कालवण धरलेच पाहिजे.

दुसरे उदाहरण तणाचे. तणनाशक हेही कायद्याच्या दृष्टीने कीटकनाशकच. बेणणीचे काम पिढ्यान्‌पिढ्या बायांनी चिखलात वाकून केले. माणसे शहराकडे गेली, मजुरी वाढली, आणि तणनाशकाची किंमत बेणणीच्या मजुरीपेक्षा कमी झाली. रायगड जिल्ह्यातच नेरळ येथे चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेले सगुणा भात तंत्र या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे. त्यात नांगरट, चिखलणी व लावणी नाही. कायम गादीवाफ्यांवर बी टोकले जाते, मागील पिकाची मुळे जमिनीतच राहतात, आणि त्यामुळे जमिनीतील सेंद्रिय कर्ब व गांडुळे वाढतात. राबासाठी पाला तोडावा लागत नाही, बायांचे वाकणेही वाचते. तण मात्र तणनाशकाने, मुख्यतः ग्लायफोसेटने, मारले जाते. त्याच ग्लायफोसेटला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली ‘बहुधा कर्ककारक’ म्हटले आणि २०२२ साली भारत सरकारने त्याचा वापर परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित केला. माती वाचविणारी शेती एका रसायनावर उभी असावी, हा विरोधाभास शब्दांनी मिटणारा नाही. नांगरटीने वाहून जाणारी माती आणि फवाऱ्याने सांडणारे रसायन, ही दोन वेगवेगळी नुकसाने एकाच तराजूत घालणे भाग आहे.

याच्या शेजारी डॉ. नारायण सावंत यांची चारसूत्री भातशेती ठेवली म्हणजे आणखी एक वाट दिसते. भाताच्या तुसाची काळी राख रोपवाटिकेत मिसळणे हे तिचे एक सूत्र. या राखेतील सिलिका रोपास मिळून ते कणखर होते व खोडकिड्यास सहजी बळी पडत नाही. गिरिपुष्पाचा पाला हे दुसरे सूत्र, आणि तो बांधावरच वाढतो. राबाचे दोन गुण, राख आणि पाला, येथे रान न तोडता परत येतात. लावणीपूर्वी रोपांचे शेंडे खुडून अंडीपुंज नष्ट करणे, कापणीनंतर धसकटे नांगरून काढणे, पक्ष्यांना बसण्यास शेतात काठ्या रोवणे, हे उपायही याच जातीचे. त्यांना दुकान लागत नाही; वेळ व लक्ष लागते.

७

शेवटी एका शब्दाचा विचार करणे उचित होईल. कीडनाशक हा शब्द पुस्तकांत व सरकारी पत्रकांत आढळतो. शेतकरी म्हणतो ‘औषध’, आणि क्रियापद योजतो ‘मारणे’. औषध मारणे या जोडीत उपकार आणि हिंसा एकत्र नांदतात. परंतु मनावर ठसा उरतो तो औषधाचा. औषधाची भीती वाटत नाही, म्हणून ते उघड्या हाताने कालवले जाते. दुखणे नसतानाही ते ‘खबरदारी म्हणून’ घेता येते, म्हणून कीड मोजण्यापूर्वीच फवारणी होते. भाताच्या जुन्या बोलीत मात्र लक्ष किडीपेक्षा पिकाकडे अधिक होते. खोडकिड्याने पांढऱ्या पडलेल्या रिकाम्या लोंबीस ‘पळिंज’ म्हणतात. या शब्दात किडीचे नाव नाही, नुकसानीचे आहे. शेतात पळिंज किती, असे विचारणारा शेतकरी आर्थिक पातळीचाच प्रश्न आपल्या शब्दांत विचारत असतो. भारताने १९८५ साली एकात्मिक कीड व्यवस्थापनाचे धोरण स्वीकारले आणि महाराष्ट्रात २००९-१० पासून किडींचे सर्वेक्षण करून सल्ला देण्याचा प्रकल्प सुरू झाला. सल्ला या भाषेत पोहोचला तर तो अधिक खोल रुजेल.

एवंच, रायगडाच्या पायथ्याशी पीक वाचविण्याचा खर्च कधीच शून्य नव्हता. राबाच्या काळात तो रानाने व बायांच्या डोक्यांनी वाहिला, खोतीच्या काळात कुळाने सोसला, भुकटीच्या काळात तो नदीवर आणि फवारणाऱ्याच्या देहावर पडला. टिकाऊ शेतीची कसोटी औषध वापरले की नाही एवढ्यावर लावता येत नाही. जो खर्च झाला तो कोणाच्या नावे मांडला गेला, आणि त्या माणसाला तो परवडतो काय, हे पाहिले पाहिजे. दहा गुंठ्यांच्या खाचराच्या धन्यापुरते बोलावयाचे तर बहुतेक वर्षी उत्तर असे येईल : आधी पळिंज मोजावी, बांधावर गिरिपुष्प लावावा, राख रोपास द्यावी, मुठे पकडून खावेत; आणि एवढे करूनही कीड हिशोबाच्या रेषेपलीकडे गेली, तर आभाळ पाहून, तोंड झाकून, एकदाच फवारावे.